‘कुटुंबालाच’

रविवार, १८ जानेवारी, संध्याकाळ

समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणाऱ्या अश्विनीला आज सोसायटीची नोटीस दिली. महिनाअखेर जागा सोडा. सेक्रेटरी मी, सही माझी. नियमही मीच लिहिलेला: ‘सदनिका फक्त कुटुंबालाच भाड्याने द्यावी.’ तेव्हा वाक्य मोठं नेटकं वाटलं होतं.

मुलगी वर्ध्याची, येरवड्याला नोकरी करते, एकटी राहते. तिचा त्रास कुणाला? कुणालाच नाही. तक्रारी आल्या त्या ती एकटी राहते एवढ्याच. आणि मीटिंगमध्ये ‘नियम म्हणजे नियम’ म्हणणारा शहाणाही मीच.

भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नोटीस दारातच दोनदा वाचली आणि शांतपणे विचारलं, "काका, कुटुंब म्हणजे कमीत कमी किती माणसं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"नाही, काकू गेल्यापासून तुम्हीपण एकटेच राहता, म्हणून विचारलं."

मी मालक आहे, भाडेकरू नाही, हे उत्तर होतं माझ्याकडे. पण मी नुसती पोच घ्यायची वही पुढे केली.

कुटुंब. सुमनची ओळख मी कायम अशीच करून द्यायचो, आमच्या वडिलांसारखी: "हे आमचं कुटुंब." ती चिडायची. "अहो, एकट्या बाईला कुटुंब म्हणतं का कुणी?"

"मी म्हणतो," असं मी दर वेळी ठणकावून सांगायचो.

आज अश्विनीच्या दारात तेवढे दोन शब्द सुचले नाहीत.