‘वारो इलो’च्या प्रतींची व्यवस्था

मी, वर्षाली रामचंद्र धुरी, वय सेहेचाळीस, राहणार धामापूर, तालुका मालवण, शस्त्रक्रियेसाठी गोव्याला जाण्यापूर्वी माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे, दबाव कोणाचा नाही. आई स्वयंपाकघरातून “आधी जेव गो” म्हणते आहे, तो दबाव धरू नये.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक आई सुभद्रा हिला. तिच्यामागे भाऊ गुरुप्रसाद याला. काजूच्या बांधावरून परशुरामकाकांशी चाललेलं भांडण मी कोणालाच देत नाही. ते माझ्याबरोबर संपावं.

२. बाबांचं हातछपाईचं यंत्र आणि अक्षरांचे शिशाचे खिळे भंगारात घालू नयेत. जे वाचनालय मागेल त्याला द्यावेत.

३. बाबांनी आईच्या कवितांचं ‘शेवाळावरचं ऊन’ हे पुस्तक घरीच, हातकागदावर छापलं. त्याच्या छपाया दोन, पण दोन्हींवर ‘पहिली आवृत्ती’ असंच आहे, कारण जुळवलेले खिळे तसेच ठेवून बाबांनी दुसऱ्या वेळी फक्त एक ओळ बदलली. कापडी बांधणीची देखणी प्रत दुसऱ्या छपाईची. खरी पहिली साध्या कागदी वेष्टनात आहे. वेष्टन बदलता येतं, म्हणून तळ्याची कविता उघडून बघावी. तिथे ‘वारा आला’ऐवजी ‘वारो इलो’ छापलेलं असेल तर ती पहिली. गुरू, माळ्यावरची जी गठडी तू रद्दी समजतोस, तिच्यात त्याच प्रती आहेत.

पहिल्या छपाईच्या वेळी आई वाचत होती आणि बाबा ऐकून खिळे लावत होते. पुस्तक हातात आल्यावर ती म्हणाली, “ह्या काय छापलास? लोक म्हणतले, मास्तरणीक शुद्ध लिवक येना नाय.”

“अगो, तू वाचलंस तसाच मी लावलंय.”

“मी असा वाचूकच नाय.”

हा वाद बाबा गेले तरी मिटला नाही. तिने प्रती जाळायला सांगितल्या, त्यांनी माळ्यावर चढवल्या. अजूनही ती मला विचारते, “जाळलंस काय गो ती पुस्तकां?” मी विषय बदलते. माझ्यामागे ती गुरुप्रसादला सांगेल, आणि तो आज्ञाधारक आहे.

४. तरीही त्या प्रती मी आईलाच देते. कविता तिच्या, लाजही तिची. जाळायच्या असतील तर जाळाव्यात. अट एवढीच की त्याआधी तिने तळ्याची कविता पुस्तक न बघता म्हणावी. गुरू, तू समोर बस आणि मध्ये बोलू नकोस. त्या ओळीला ती ‘वारा आला’ म्हणाली, तर काडी ओढ. तसं म्हणाली नाही, तर तिला काही न सांगता गठडी पुन्हा माळ्यावर ठेव.

सही : वर्षाली रामचंद्र धुरी

तिने आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर :
काशीबाई सखाराम परब
सर्वेश दत्ताराम नाईक

धामापूर, १४ नोव्हेंबर २०२४