रोडग्याचं फडकं

कुंदा,

मी माहेरी मोहगावले चालली. डोकं दुखून राहिलं म्हणून गेली, असं सासूबाईले सांग.

नऊ उन्हाळे कन्हानच्या काठावर घरादाराचे रोडगे मीच भाजले. काल पाहुण्यायसमोर सासूबाईनं परात तुझ्यापुढे सरकवली. "यंदा धाकट्या सुनेच्या हातचे खाऊ" म्हणे. सगळे खुश! आमचे हे तर टाळ्या वाजवून राहिले होते.

पीठ जाडं दळून डब्यात ठेवलं आहे. घट्ट भिजव, अन् प्रत्येक पदराले तूप लाव. गोवऱ्यायचा जाळ पुरा बसल्यावरच रोडगे निखाऱ्यात दाब, नाहीतर आतून कच्चे राहतात. वांग्याच्या भाजीत मीठ बेतानं टाक. तुझा हात सैल आहे, पण तुले कोणी बोलत नाही.

रोडग्यावरची राख झटकाचं जाड फडकं माझ्या पेटीत आहे. नऊ वर्षांपासून तेच वापरतो. पेटीची किल्ली माझ्या कमरेले आहे.

मोहगावची गाडी दहाले सुटते. तोवर मी स्टँडवरच बसून आहे. कोणाले सांगू नको. आमच्या यायनं विचारलं, तरच सांग.

नलिनी