भाताखालचा गॅस

ॲन आर्बर, अमेरिका

यामिनीताई,
नमस्कार, आणि एक गच्च मिठी. फोन भावोजी ऐकतात, म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहितेय. मी मजेत आहे. तुझ्या हाताची सूज उतरली का?

काल युनिव्हर्सिटीत एक जुना जपानी गुंडपट दाखवला. काय भिकार सिनेमा! रक्त म्हणजे टोमॅटो सॉस, आणि ऊठसूट बायकांचे कपडे फाडायचे. प्रोफेसर त्याला कला म्हणतात. कला कसली, डोंबल!

त्यात टोळीच्या म्होरक्याची बायको मार खाऊन खाऊन एकदाची घर सोडते, पण निघताना आधी भाताखालचा गॅस बंद करते. सगळे हसले. मला तू दिसलीस.

तो म्होरक्या निदान स्वतःला गुंड म्हणवतो. भावोजी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून मिरवतात.

आई वाट बघतेय. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसू नकोस, ताई. गॅस बंद कर आणि नीघ.

तुझीच,
ज्ञानदा