आतून हाक आली नाही

३ जून, सोमवार
आज रुजू झाले. बसमधून येताना एकटीच हसत होते. शेजारच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

दादा जिथे काम करायचा तीच खोली, तेच टेबल. माझं लग्न टिकलं नाही, आडनाव तेवढं कामाला आलं. मी त्याची बहीण हे इथे कोणाला ठाऊक नाही. कारखाना लाउडस्पीकरचा. आमच्या खोलीत ते एका लोखंडी टाकीत ठेवून, आतली हवा काढून तपासतात. टाकी माणूस ताठ उभा राहील एवढी, बाजूला ताटाएवढी काच. तीन वर्षांपूर्वी दादा आत वायर जोडत असताना सुपरवायझरने दार लावून पंप सुरू केला. चौकशीत म्हणाला, आतून हाक आली नाही. प्रकरण मिटलं.

माझ्या लेखी मिटलेलं नाही. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण त्याच्यापासून दहा पावलांवर बसते आहे. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ.

५ जून, बुधवार
सुपरवायझर मायाळू निघाला, हेच जास्त खुपतं. मला पोरी म्हणतो. आज हौसेने सगळं समजावलं. पंप चालू झाला की स्पीकरचा आवाज विरत जातो, कोणीतरी त्याला उचलून लांब लांब नेत असल्यासारखा, आणि शेवटी काहीच उरत नाही. कागदी पडदा मात्र हलतच राहतो, उलट हवेचा अडथळा नसल्यामुळे जरा जास्तच. फार वेळ तसाच ठेवला तर आतली तार जळते, कारण तिला गार करायला हवा नसते.

मी विचारलं, आत माणूस ओरडला तर? तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, चहा घे, गार होतोय.

१० जून, सोमवार
सुपरवायझर जेवायला गेला होता. टाकीतली हवा काढलेली. स्पीकरची वायर बाहेर माझ्या हातात होती, कशालाच न जोडलेली. तरी काचेतून पडदा हलताना दिसत होता.

स्पीकरचा स्टँड टाकीच्या भिंतीला टेकलेला असतो. लोखंडातून आवाज जातो, त्याला हवा लागत नाही. मी भिंतीला कान लावला.

“चिंगे.”

मला या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं.

दादा म्हणाला, मी हाका मारल्या. सुपरवायझरने काचेतून मला पाहिलं. मग काचेवरचं झाकण खाली ओढलं.

११ जून, मंगळवार
खोली झाडणाऱ्या मावशींना गाठलं. आधी कानावर हात ठेवले, मग झाडू भिंतीला टेकवून खालीच बसल्या. झाकण ओढताना त्यांनी पाहिलं होतं. टाकीच्या दाराचा सुरक्षेचा खटका सुपरवायझरने बंद करून ठेवलाय, अशी लेखी तक्रार दादाने आदल्याच आठवड्यात केली होती. मावशी म्हणाल्या, पोटासाठी गप्प बसले गं.

दुपारी भिंतीला तोंड लावून विचारलं, मी काय करू? दादा म्हणाला, तू काही करू नकोस. फक्त नावं सांग.

सांगितलं. सुपरवायझरचं, वडिलांच्या नावासकट.

१२ जून, बुधवार
सुपरवायझर गेला. सकाळी साडेदहाला, स्वतःच्या केबिनमध्ये, दार सताड उघडं, पंखा चालू. उभा राहून टेबलावर मुठी आपटत होता, तोंड घशापर्यंत उघडं. आवाज शून्य. बाहेर आठ माणसं माना खाली घालून काम करत होती. फक्त मी पाहिलं.

पाहिलं, आणि परत टाइप करायला लागले.

घरी येऊन दोनदा जेवले.

१४ जून, शुक्रवार
दादा विचारतो, आणखी कोण. मी म्हटलं, झालं की आता. तो विचारतच राहिला. मावशींवर रागही होताच, तीन वर्षं तोंड शिवून बसल्या. नाव निसटलं.

निसटलं कसलं. मीच सांगितलं.

१५ जून
मावशी. जिन्यात. बादली पायऱ्यांवर आपटत खाली आली, जराही आवाज न करता. त्यांची सून माझा हात धरून विचारत होती, एवढ्या माणसांत कोणीच कसं ऐकलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

मला एकच माणूस हवा होता. एकच.

१७ जून
कामावर गेले नाही. घरातला रेडिओ बंद आहे, प्लग काढलेला. जाळीमागचा पडदा हलतोय. बोट टेकवलं की कळतं —
आणखी कोण. आणखी कोण.
दादाचा आवाज असा नव्हता.

१८ जून
चमचा पडला. आवाज नाही. आई दारात उभी राहून काहीतरी सांगतेय, नुसते ओठ —

चौकशीच्या कागदावर घरच्यांची सही हवी होती. अपघातच होता, आमची काही तक्रार नाही. आईने कागद भिरकावून दिला. माझं लग्न पंधरा दिवसांवर — मला ते सगळं संपवायचं होतं — सही माझी आहे.

खिडकी उघडली. झाडं हलताहेत, म्हणजे वारा आहे. मला मिळत नाही —

दादा, मी बोलले नाही. तोंडातून एक शब्द काढला नाही. फक्त इथे लिहि