ड्रॅगन खाली उतरत नाही

बाबा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, आणि तुम्हाला सांगायचं आहे ते हे, की गेल्या रविवारी दुपारी मयूर विहारच्या आपल्याच घरात, जेवणाच्या टेबलावर, मी एक ड्रॅगन लढवला. हसू नका. कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आहे. एक जण गोष्ट सांगतो आणि शत्रूच्या बाजूने खेळतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात. गोष्ट सांगणारी मी. खेळणारे माझ्या नोएडाच्या ऑफिसातले तिघे, आणि आई. हो, आपली आई. तुमच्यामागे ती दिवसचे दिवस बाल्कनीत बसून असायची. एकदा आम्हाला चहा द्यायला आली आणि म्हणाली, "मलाही एक माणूस द्या की." तेव्हापासून ती टोळीची वैद्यबाई आहे.

पहिला ड्रॅगन मी दिवाळीच्या सुट्टीत आणला होता. महिनाभर त्याची दहशत वाढवली, आणि प्रत्यक्षात तो गुहेत म्हशीसारखा बसून राहिला. चौघांनी घेरला, चहा निवायच्या आत मेला. "बस, इतना ही था यार?" ऑफिसातला एक जण म्हणाला. मला ते फार झोंबलं.

मग काला अंब आठवलं, मराठे जिथे हरले ते रणांगण. मी दहा वर्षांची आहे, ऊन चढलंय, मी स्मारकावरची पाटी घडाघडा वाचून दाखवते आणि लगेच डबा मागते. तुम्ही रागावता. "पाटी वाचलीस. जमीन कुठे पाहिलीस?" आणि डबा तसाच पिशवीत ठेवून मला शेताच्या बांधावरून चालवत नेता. पाणी कुठे होतं, धान्य कुठून यायचं होतं, वाट कशी अडली. "उपाशी माणसाच्या हातात तलवार जड होते," तुम्ही म्हणता. माझे पाय भाजतायत आणि मला तुमचा मनस्वी राग आलाय.

या वेळी मी ड्रॅगनची ताकद एका आकड्यानेही वाढवली नाही. तीन आठवडे फक्त जमीन काढली. दरी, तिच्यावर दोरांचा पूल, पाण्याचा एकच झरा. ड्रॅगन खाली उतरतच नाही. आधी तो शिधा वाहणारी खेचरं जाळतो, मग पूल. आग ओकून झाली की ढगात जातो, पुन्हा छाती भरेपर्यंत वरूनच बोलतो, एकेकाला फितवू पाहतो. परतीची एक वाट मात्र मी मुद्दाम मोकळी ठेवली. पळताच येत नसेल तर थांबण्याला अर्थ काय?

रविवारी कोणी फोनला हात लावला नाही. दोघं कोसळले. तिसऱ्याने बाणांनी पंख फाडला तेव्हा कुठे ड्रॅगन जमिनीवर आला. आईला ती वाट समोर दिसत होती. ती उलट पुढे गेली, आगीच्या तोंडाशी पडलेल्या भालेवाल्यावर औषध ओतलं आणि त्याला खडकाआड ढकललं. आता आग तिच्यावर. मी फासा उचलला.

"आंटी को तो छोड़ दो," भालेवाला म्हणाला.

आईने चष्मा नीट केला. "माझ्यासाठी काही लपवू नकोस. सगळ्यांसमोर टाक."

मी टाकला. आकडा पुरेसा मोठा होता. वैद्यबाई गेली. मग तो भालेवाला खडकाआडून उठला, आणि ड्रॅगन पडला तेव्हा तिघंही खुर्च्या सोडून उभे होते. भालेवाल्याने, चाळिशीच्या घोड्याने, डोळे पुसले. आईने आपला कागद शांतपणे घडी करून ठेवला. "छान मेले मी," ती म्हणाली. "आता नवीन माणूस काढ. तलवारवाली हवी. आणि पुढचा याच्याहून अवघड पाहिजे, बिल्कुल सोपा नको."

तो मी करणार आहे. नकाशा सुरू केलाय, आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय, म्हणजे ते इथेच राहणार. एक मात्र आईलाही सांगितलेलं नाही. फासा टेबलावर गडगडत होता तेव्हा तो लहान पडावा म्हणून मी मनात तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही ऐकलं नाहीत, ते बरं झालं.