बाबांच्या गाडीतलं पाणी

१० जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. बाबांची गाडी माझ्याकडे जागा नाही म्हणून तुझ्या शेडमध्ये ठेवली आहे, तुझ्या हवाली केलेली नाही. रेडिएटर नळाच्या पाण्याने काठोकाठ भरलाय. गाडी सुरू करू नकोस. जुनी गाडी हात न लावल्यानेच टिकते. माझीही मी तशीच जपलीय. मुलांवर माया ठेव, गाडीवर नको.
तुझा दादा

१६ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि. रागावू नकोस, रेडिएटरची टोपी काढून पाहिली. आत चहाच्या रंगाचं पाणी. नळाच्या पाण्याने आतलं लोखंड गंजतं, हे मी शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला दरवर्षी घसा फोडून सांगते. मेकॅनिक म्हणाला, हे काढून आतून धुवा, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, दोन वर्षांनी बदला, आठवड्याला एक चक्कर मारा. याच गाडीवर बाबांनी मला चालवायला शिकवलं. परवानगी देशील ना?
तुझ्या मायेच्या भरवशावर,
छोटी

२१ जानेवारी

चि. छोटीस,
आशीर्वाद. मेकॅनिकांची पोटं अशाच सल्ल्यांवर भरतात. टोपी लाव आणि विषय संपव.
दादा

(दोन वर्षांनंतर) ४ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. लेकीच्या लग्नात बाबांची गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली! व्याह्यांना मी अभिमानाने सांगितलं, की दोन वर्षं जागची हलू दिली नाही. तू तेव्हा पदर तोंडाला लावलास. बाबांची आठवण आली असणार. आता माझीही बाहेर काढतो.
दादा

१९ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद. माझ्या एका मित्राने त्याची जुनी गाडी सुरू केली, तर इंजिनाच्या कुशीतूनच पाणी गळायला लागलं. मेकॅनिकने विचारलं, नळाचं पाणी कुठल्या शहाण्याने भरून ठेवलं? मित्राने शेजाऱ्याचं नाव सांगितलं. ते कूलंट किती घालायचं, त्याला हवंय. वहिनीला यातलं काही लिहू नकोस, तिचा त्या मित्राशी काही संबंध नाही.
दादा

२४ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि. तुझ्या मित्राचं वाईट वाटलं. इंजिनाला भोक पडल्यावर कूलंट ओतून उपयोग नाही, हे त्याला जपून सांग. मी पाणी बदललं ते तुझं ‘विषय संपव’ वाचलं त्याच संध्याकाळी. तेव्हापासून दर रविवारी बाबांच्या गाडीतून नदीपर्यंत जाऊन येते. या रविवारी मित्राला घेऊन ये. त्याला पुढे बसवीन, हसणार नाही. चालवणार मात्र मीच.
तुझी, अजून तितक्याच मायेची,
छोटी