बिट अजून खाली आहे

बाडमेरजवळ, रिगवर
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. उज्ज्वलाताईस गोरखचा सा. न. वि. वि.

ताई, माझं सगळं फिरलं ते परवा शनिवारी दुपारी, जेवायला बसलो होतो तेव्हा. अक्षदाचा मेसेज आला. सोळा तारखेला, रविवारी, तिला बघायला आळेफाट्याची माणसं येतायत, मुलगा बँकेत आहे. मी ताट तसंच टाकून तरातरा रिगवर गेलो आणि मोबाइल ड्रिलिंगच्या चिखलाच्या टाकीत भिरकावला. रिगवर फोन न्यायलाच बंदी, त्यामुळे गुन्हे दोन झाले. इथे माझ्याच सिमला एखादी काडी यायची. ऑफिसचा फोन घरगुती बोलण्याला देत नाहीत. तसंही फोनवर मी ओरडतो आणि तू कापतेस, म्हणून हा कागद. भाजीच्या गाडीबरोबर पाठवतोय.

तू म्हणशील, रजा टाकून ये. तीच तर अडचण आहे. आमचं तेलविहिरीचं भोक सरळ खाली जाऊन मग वळतं, आणि वळणावर खडक एका जातीचा नाही; मऊ थर, लगेच कातळ, पुन्हा मऊ. नुसत्या पात्यांचं बिट, म्हणजे पाइपाच्या टोकाचं खोदायचं डोकं, कातळात अडकतं, पिळतं आणि तोंड भलतीकडे फिरवतं. नुसत्या दातेरी चाकांचं बिट मऊ थरात रेंगाळतं. म्हणून आम्ही हायब्रिड लावतो. एकाच डोक्यावर वखरासारखी खरवडणारी, हिरे जडवलेली पातीही, आणि ढेकळं फोडावीत तसा कातळ फोडणारी चाकंही. वळणावर ते डोकं शांत ठेवतं. आमचे इंजिनिअर रुपेशसर म्हणतात, तुझ्यापेक्षा बिटाला अक्कल आहे.

हे बिट मी चढवलंय. माझं पहिलंच. इथली रीत अशी की ज्यानं बिट आवळून खाली सोडलं त्यानं ते वर येईपर्यंत रिग सोडायची नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण ड्रिलरपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे मानतात. एव्हाना ते निघायला हवं होतं. पण चिखलाचा पंप बसला आणि त्याचा सुटा भाग यायचाय. तोवर पाइप थोडे वर घेऊन बिट टांगून ठेवलंय, आणि त्याच्याबरोबर मलाही.

तू वारूळवाडीला जा. अक्षदाच्या वडिलांच्या, सावळारामतात्यांच्या, कानावर माझं नाव घाल. मुलाकडून आधी शब्द टाकत नाहीत, माहीत आहे. पण आण्णा जाणार नाहीत. मी कॉलेज सोडल्यापासून माझं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जातात. तूच राहिलीस.

दाजींना नमस्कार, आरोहीला पापा. माझा धीर संपत आलाय, थोडा तुझ्यातला पाठव.

तुझा
गोरख


महाळुंगे पडवळ
ता. ९ फेब्रुवारी

चि. गोरखास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोबाइलचं वाचून तुझे दाजी इतके हसले की झोपलेली आरोही उठून बसली. मला हसू आलं नाही. कांद्याच्या पाण्याला लाइट पहाटेची, उसात बिबट्या, त्यामुळे दोघांनी जोडीनं जायचं, वर हा खोकला. अंगात त्राण म्हणून नाही बघ. तरी काल वारूळवाडीला जाऊन आले.

तात्या आपल्या बोअर मारायच्या गाडीखाली पाठीवर पडून ग्रीस लावत होते. मी चाकाशी बसले आणि त्यांच्या पायांशीच बोलले. तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर झाला. मुलाकडून शब्द आला याचा त्यांना राग नाही. राग वेगळाच. परीक्षा चालू असताना पेपर टाकून तू नारायणगावच्या स्टँडवर अक्षदाच्या एसटीची वाट बघत उभा राहिलास, तिच्या वाढदिवसाला चाकणची नोकरी सोडून आलास, हे त्यांना सगळं ठाऊक आहे. माझी पोरगी म्हणजे याला काम सोडायचं निमित्त आहे का, असं गाडीखालून विचारलं.

मग मी तुझं बिट काढलं. वखर, ढेकळं, सगळं सांगितलं. तसे ते बाहेर आले. एकाच डोक्याला पाती आणि चाकं, हे काही त्यांना पटेना. चाक निखळून खाली पडलं तर कोण काढणार, हे मलाच दोनदा विचारलं. मला काय कळतंय. पण ते वर येईपर्यंत तू हलत नाहीस हे ऐकलं आणि हात पुसत माझ्याशेजारी बसले. तळेघरला त्यांचा हॅमर भोकात अडकला होता, तेव्हा तेही गाडी सोडून घरी आले नव्हते. लोकांच्या नाचणीच्या भाकरीवर दिवस काढले होते. मग म्हणाले, "त्यो तिथं टिकला, तर मी बी हितं टिकतो. आळेफाट्याच्या लोकांना येऊ नगा म्हणून कळवतो. बिट निघू दे, मंग ये म्हनाव."

वाचलंस ना? रविवारी कोणी येणार नाही. अक्षदा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चाल बघ, पोरगी हलकी झाली होती. म्हणाली, त्याला नीट उरकून येऊ दे, मी कुठे जात नाही.

आता गप पड, आणि टाकीत आणखी काही टाकू नकोस. दाजी मंचरला निघालेत, पत्र त्यांच्याकडे देते. जिवाला जप, आमची आठवण उणी होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


रिगवर
ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

भाजीची गाडी दोनदा आली. कोबी आला, तुझं पत्र आलं नाही. म्हणजे तात्या नाही म्हणाले आणि तुला लिहवत नाही, एवढं मला कळतं.

पंपाचा भाग आला. उद्या बिट पुन्हा तळाला टेकणार, मग वळण पुरं व्हायला अजून काही दिवस. माझ्याकडे ते नाहीत. रुपेशसरांना सांगितलं. ते म्हणाले जा, तुझ्यावाचूनही निघेल ते. अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ड्रिलरला हात जोडले, त्यानं पाठ फिरवली. ताई, मी लई थकलोय. शनिवारी संध्याकाळी वारूळवाडीत पोचतो. आळेफाट्याची माणसं माझ्यासमोरच येऊ देत.

रागाव, पण परकं करू नकोस.

गोरख


कल्याण स्टेशन
ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस गोरखचा सा. न. वि. वि.

तुझ्या गावाच्या इतक्या जवळ येऊन तोंड न दाखवता गेलो. आता परत बाडमेरला निघालोय. घेतील का माहीत नाही.

सगळी वाट मी भांडण घोळवत आलो. मुलाला काय म्हणायचं, त्याच्या मामाला काय म्हणायचं. तात्यांच्या घरी पोचलो तर पाहुण्यांची काहीच तयारी नाही. गादीवरची चादर जुनीच. तात्या टीव्ही बघत होते आणि अक्षदा मेथी निवडत होती. मला बघून दोघांचे चेहरे उजळले, ते मी पाहिलंय. त्यांना वाटलं, उरकून आलो. तात्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि तुझ्या पत्रात काय होतं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं. ते पत्र कंपनीच्या बेसवर, टपाल येतं तिथेच, पडलं असेल. चहा झाला आणि लगेच निघालो. रात्री माळशेज घाटातून एसटीनं इथे आलो.

आळेफाट्याच्या लोकांना तात्यांनी पुन्हा बोलावलं का, ते विचारून कळव. नको, विचारू नकोस.

मी कसाही वागलो तरी तुझ्या दारात माझी जागा राहू दे.

तुझा
गोरख

ता. क. मधलं लिहायचं राहिलं असं नाही, मी टाळलं. तात्यांनी विचारलंच नाही. अक्षदानं विचारलं, कप माझ्या हातात देताना. "बिट निघालं?" हो म्हटलं असतं तर इथे कोणाला कळणार होतं. तात्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मी म्हणालो, "न्हाई. अजून खाली आहे." तिनं कप काढून घेतला असता तर बरं झालं असतं. नाही घेतला. म्हणाली, "मग चहा पी आणि जा." मी प्यालो, तोंड भाजलं तरी. कप मोरीत विसळून पालथा घातला, तात्यांच्या पाया पडलो, बूट घातले. बाहेर आलो आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.